पद्मिनीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक: मोजमापापासून पहिल्या घाटापर्यंत

खंडाळ्याहून जुन्या रस्त्याने खोपोलीकडे उतरताना पद्मिनीत चार माणसं आणि डिकीत सामान असलं, की काही वळणांनंतर पेडलमधला फरक पायाला कळतो. ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा आणि आतून शू दाबून थांबवला जाणारा डबा, तापून किंचित फुगलेला असतो, म्हणून पेडल जरा खाली जातं. शूवरचं घर्षणाचं अस्तर, म्हणजे लायनर, तापलेला असतो, म्हणून तेवढ्याच जोरात गाडी पूर्वीसारखी धरत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की पहिले दोन-तीन ब्रेक एका बाजूला ओढतात. ही दोन्ही दुखणी ड्रमच्या रचनेतच आहेत: उष्णता आत कोंडते आणि पाणी आत अडकतं. डिस्क, म्हणजे दोन पॅडच्या चिमट्यात धरली जाणारी चकती, उघडी असते, वाऱ्यावर निवते आणि फिरता फिरता पाणी झटकते.

पद्मिनी माझ्या फार जवळची गाडी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० म्हणून जन्मलेली, १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं रूप घेऊन कित्येक पिढ्यांना घरी पोचवलेली ही गाडी. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता ज्या उरल्या आहेत त्या हौसेने जपलेल्या आहेत आणि त्यांना आजच्या रस्त्यावर, एबीएस असलेल्या गाड्यांच्या मागे धावावं लागतं. पुढची गाडी जागच्या जागी थांबते, आपली थांबत नाही. एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

तरीही आधी एक विनंती. पुढचे ड्रम काढून लेथवर गोल आहेत का ते बघा, नवे लायनर लावा, सिलिंडरची रबरं बदला, शू नीट अ‍ॅडजस्ट करा आणि महिनाभर गाडी चालवा. ‘पद्मिनीला ब्रेकच नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच गाड्यांत दोष ड्रमचा नसतो, वीस वर्षांच्या दुर्लक्षाचा असतो. गाडी फक्त रविवारी सकाळी शहरातल्या शहरात फिरत असेल तर तिथेच थांबा. घाट, हायवे आणि पाऊस नेहमीचे असतील तरच पुढचं वाचून उपयोग आहे.

खरेदीआधी हिशोब

या कामात सगळ्यांचं लक्ष कॅलिपरवर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यावर, असतं. काम बिघडतं ते मात्र दाबाच्या हिशोबात. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो आणि पायाच्या जोरात आपला जोर मिळवतो. डिस्कच्या पॅडला ही मदत मिळत नाही. तेवढंच थांबायचं तर डिस्कला पाइपमध्ये जास्त दाब लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा, मागच्या चाकांपाशी ते पुन्हा लागणार आहे.

एक उदाहरण करून बघू. समजा मास्टर सिलिंडरचा (पेडलचा जोर ब्रेकच्या तेलाच्या दाबात बदलणाऱ्या सिलिंडरचा) बोअर, म्हणजे आतला व्यास, पाऊण इंच, म्हणजे १९ मिमी आहे. त्याचं क्षेत्रफळ साधारण २.८५ चौरस सेंमी. पेडलची तरफ ५ पट. पायाने ३० किलो जोर दिला तर रॉडवर १५० किलो येतात आणि पाइपमध्ये दर चौरस सेंमीला सुमारे ५२ किलो दाब तयार होतो. कॅलिपरचा पिस्टन ४८ मिमीचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ १८.१ चौरस सेंमी, म्हणजे पॅड सुमारे ९५० किलोंनी दाबला जातो. पॅडचा घर्षणांक ०.३५ धरा, पॅड दोन आहेत, पॅडची जागा केंद्रापासून ९० मिमीवर आणि टायरची त्रिज्या २९० मिमी. रस्त्यावर एका चाकाला साधारण २०० किलोंची पकड मिळते, दोन्ही पुढच्या चाकांना मिळून ४०० च्या थोडी वर.

पद्मिनीचं स्वतःचं वजन सुमारे ९०० किलो, माणसं-सामान धरून १२००. म्हणजे ३० किलोंच्या पायाने पुढची चाकं वजनाच्या जेमतेम एक तृतीयांश जोराने गाडी रोखतात. कोरड्या रस्त्यावर करकचून थांबायला याच्या दुप्पट लागेल. ६० किलोंचा पाय प्रत्येकाकडे नसतो, म्हणून इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाच्या जोरात भर घालणारा बूस्टर लागतो.

आता याच हिशोबात मास्टर १९ ऐवजी २२ मिमीचा घाला. ‘मोठा मास्टर म्हणजे जास्त ब्रेक’ असं अनेक गॅरेजांत ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात क्षेत्रफळ वाढल्यामुळे दाब चौथ्या हिश्श्याहून जास्त घटतो आणि ४०० ची पकड ३०० वर येते. पेडल दगडासारखं कडक लागतं, माणूस खूश होतो आणि गाडी थांबत नाही. उलट मास्टर फार बारीक असेल तर दाब चांगला मिळतो, पण मोठे पिस्टन सरकवायला तेल कमी पडतं आणि पेडल फरशीला टेकतं. तुमच्या गाडीवरचे सगळे बोअर व्हर्नियरने मोजा, कागदावर मांडा आणि मगच पैसे काढा.

सामान कुठलं

पद्मिनीची चाकं १४ इंची. मारुती ८०० ची १२ इंची, आणि तिच्या पुढच्या चाकांना डिस्क असते. १२ इंची रिममध्ये मावणारी डिस्क आणि कॅलिपर १४ इंची रिममध्ये व्यासाच्या दृष्टीने आरामात बसतात. सुटे भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात, पॅड स्वस्त आहेत, दहा वर्षांनीही मिळतील. मला यातलं शेवटचं कारण सगळ्यात मोलाचं वाटतं. परदेशातून आणलेला देखणा कॅलिपर सील फाटल्यावर सहा महिने गाडी उभी करतो.

डिस्क, पॅड, होज आणि सील नवे घ्या. कॅलिपर जुन्या बाजारातून घेतला तरी चालेल, पण पिस्टन बाहेर काढून बघा. पिस्टनच्या अंगावर नखाला लागेल असा गंजाचा खड्डा असेल तर तो परत करा. डावा आणि उजवा असे दोन वेगळे कॅलिपर हवेत. एकाच बाजूचे दोन स्वस्तात मिळाले म्हणून घेऊ नका, कारण पुढे येईल.

उघडताना

सपाट जागा, मागच्या चाकांना दगड नव्हे तर लाकडी पाचरी, आणि गाडी जॅकवर नाही, स्टँडवर. ड्रम काढल्यावर आतली काळी पूड कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते श्वासात गेलेलं बाहेर येत नाही. पाण्याने ओलं करा, फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

ड्रम, शू, स्प्रिंगा, सिलिंडर, बॅकिंग प्लेट (शू ज्या पत्र्यावर बसतात ती) हे सगळं जपून ठेवा. गाडीचा मूळचा एकही भाग कापायचा नाही, त्यावर वेल्डिंग करायचं नाही आणि उद्या कुणाला गाडी मूळ रूपात न्यायची झाली तर पाना घेऊन एका दिवसात नेता आली पाहिजे, ही अट मी पहिल्या दिवसापासून घालून घेतली होती. स्टब अ‍ॅक्सलच्या बाबतीत ही अट जिवाची आहे. चाक ज्यावर फिरतं तोच हा घडीव पोलादाचा भाग आहे. त्यावर वेल्डिंग केलं की शिवणीच्या कडेचं पोलाद ठिसूळ होतं आणि तो चाकासकट तुटू शकतो.

हब आणि डिस्क

ड्रम जिथे बसत होता तिथेच, हब आणि चाक यांच्या मध्ये, डिस्कची टोपी बसते. इथे तीन मापं जुळवावी लागतात. चाकाच्या बोल्टचं वर्तुळ दोन्ही गाड्यांचं वेगळं आहे, म्हणून डिस्कच्या टोपीत जुन्या भोकांच्या मधल्या जागी नवी भोकं पाडायची. हे काम हातातल्या ड्रिलने होत नाही. डिव्हायडिंग हेड किंवा रोटरी टेबल असलेल्या मशिन शॉपमध्येच द्या. दुसरं माप मधल्या भोकाचं. डिस्कचं भोक हबच्या गळ्यापेक्षा मोठं असेल तर मधे पोलादाची रिंग टर्न करून घ्या. डिस्क बोल्टांनी मध्यावर येते असं समजू नका, तिला मध्यावर धरते ती ही रिंग. तिसरं माप टोपीच्या जाडीचं. ती ड्रमच्या जाडीपेक्षा जास्त असेल तर चाक तेवढंच बाहेर सरकतं आणि बोल्टचे आटे कमी पकडतात. बोल्टच्या जाडीइतके आटे तरी आत गेलेच पाहिजेत: १२ मिमीच्या बोल्टला १२ मिमी. कमी पडले तर लांब बोल्ट.

मग डायल गेज, म्हणजे फिरत्या भागाचं डुलणं मोजणारं घड्याळ. आधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून लखलखीत करा, बेअरिंगला नवं ग्रीस भरून त्याचा प्ले कंपनीच्या मापाने बसवा आणि हबवर गेज लावून फिरवा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर डिस्कला दोष देऊन उपयोग नाही. नंतर डिस्क चढवा, चाकाच्या बोल्टांनी घट्ट करा आणि बाहेरच्या काठाजवळ गेज लावा. ०.१ मिमीच्या आत हवं. माझ्या डाव्या चाकाला पहिल्यांदा ०.२३ आलं. डिस्क काढून उलटसुलट बघितली, काही सापडेना. शेवटी हबच्या चेहऱ्यावर एका भोकाच्या काठाला बोट फिरवलं तेव्हा केसाएवढी उभी कड लागली. जुन्या कुणीतरी बोल्ट जोर लावून काढल्यावर धातू वर आलेला होता. बारीक कानसने तीन हात मारले आणि गेज ०.०६ वर आला. हे सोडून दिलं असतं तर दोन हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरायला लागलं असतं.

ब्रॅकेट

सगळ्या कामाचा कणा हाच. कॅलिपरला धरणारी पट्टी, जी बॅकिंग प्लेटच्या मूळच्या भोकांवर बसते आणि गाडी थांबवण्याचा सगळा पीळ सोसते. साहित्य १० ते १२ मिमी जाडीची नवी माइल्ड स्टीलची प्लेट, भंगारातला अनोळखी तुकडा नको आणि अ‍ॅल्युमिनियमही नको.

आधी पुठ्ठा. मी लग्नपत्रिकेच्या जाड पाकिटाचा वापरला, तो नेमका ताठ असतो. स्टब अ‍ॅक्सलवर पुठ्ठा ठेवून भोकांच्या काठाने पेन्सिल फिरवा. मग पॅडसकट कॅलिपर डिस्कवर हाताने बसवा आणि जागा ठरवा: पॅडची बाहेरची कड डिस्कच्या कडेच्या आत राहिली पाहिजे, स्टिअरिंग पूर्ण दोन्ही बाजूंना वळवल्यावर कॅलिपर कशालाही लागता कामा नये, आणि हवा काढायचं निपल वरच्या टोकाला आलं पाहिजे. डावा-उजवा अदलाबदल झाला की निपल खाली येतं आणि वरची हवा कितीही पंप केलं तरी निघत नाही. जागा पक्की झाली की पुठ्ठ्यावरून प्लायवुड कापा आणि ते बोल्टने बसवून चाक चढवून बघा. प्लायवुड बरोबर आलं तरच लेझर कटिंगला ड्रॉइंग द्या.

प्लेट आली की दोन गोष्टी तपासायच्या. डिस्क कॅलिपरच्या मधोमध आहे का? फ्लोटिंग कॅलिपर, म्हणजे पिनांवर आडवा सरकणारा, थोडं सांभाळून घेतो, तरी अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणा. त्यासाठी पूर्ण गोल, टर्न केलेले स्पेसर वापरा, वॉशरची चळत नको. दुसरं, कॅलिपर डिस्कला समांतर आहे का? तिरका असेल तर पॅड पाचरीसारखा झिजतो. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, डोक्यावर आकडा छापलेले, टॉर्क रेंचने आवळलेले आणि आट्यांना लॉक लावणारा द्रव लावलेले. बॅकिंग प्लेटचा एखादा बोल्ट स्टिअरिंगची आर्मही धरत असेल तर प्लेटच्या जाडीएवढा लांब बोल्ट घेणं विसरू नका.

रिम आणि कॅलिपर यांच्यात जागा किती आहे हे डोळ्याला दिसत नाही. स्वयंपाकघरातून घट्ट मळलेली कणीक आणा, तिच्या गोळ्या कॅलिपरच्या उंचवट्यांवर चिकटवा, चाक चढवून बोल्ट आवळा, हळू फिरवा आणि काढा. दबलेल्या गोळीची जाडी मोजा. ३ मिमीपेक्षा कमी कुठेही नको. चाकाला लावलेलं बॅलन्सिंगचं शिसंही तिथून जातं, त्याची जागा सोडा.

पाइप आणि होज

थोडक्यात सांगतो, पण सांभाळून करा. कॅलिपरच्या होजचे आटे आणि गाडीच्या पाइपचे आटे बहुधा जुळणार नाहीत. १० मिमी व्यास आणि १ मिमी पिचचा नट तीन अष्टमांश इंच, चोवीस आट्यांच्या नटासारखाच दिसतो आणि थोडा घासत का होईना, दोन-तीन आटे चढतोसुद्धा. तो दाबाखाली सुटतो. थ्रेड गेज लावल्याशिवाय एकही जोड आवळू नका. बॅन्जो बोल्ट, म्हणजे होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट, त्याच्या जोडाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर. साधा तांब्याचा पाइप ब्रेकला वापरू नका, पोलादाचा किंवा तांबे-निकेलचा घ्या. होज बसवल्यावर गाडी उचलून चाक लोंबकळत ठेवा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना न्या: होज ताणली जाता कामा नये, टायरला किंवा स्प्रिंगला घासता कामा नये.

मास्टर आणि बूस्टर

गाडीत एकाच सर्किटचा मास्टर असेल तर हीच वेळ आहे तो बदलण्याची. एक होज फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो, अशी व्यवस्था घाटात नेऊ नये. टँडेम मास्टर घ्या, पुढची चाकं एका सर्किटवर आणि मागची दुसऱ्यावर. पॅड झिजत जातो तसं कॅलिपरमध्ये तेल जास्त शिरतं, म्हणून पुढच्या सर्किटचं तेलाचं भांडं मोठं हवं.

ड्रमसाठी बनवलेल्या मास्टरमध्ये बहुधा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पाइपमध्ये १० पीएसआयच्या आसपास दाब कायम राखतो. तो ड्रमच्या सिलिंडरसाठी योग्य आहे. डिस्कच्या सर्किटमध्ये राहिला तर पॅड डिस्कवर घासत राहतात. पुढच्या सर्किटमधून तो काढा. तुमचा मास्टर कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल तर मात्र तेल परत वाहू नये म्हणून तिथे २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो.

बूस्टरला व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून घ्यायचा, जाड भिंतीच्या होजने आणि चेक व्हॉल्व्ह योग्य दिशेने. बूस्टर बसवल्यावर इंजिनचं आयडल बिघडलं तर कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी होजच्या क्लिपा बघा.

बूस्टरची पुशरॉड आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात सैल पाय असताना अर्धा ते एक मिलिमीटर अंतर हवं. माझ्या गाडीत ते शून्य राहिलं होतं. गॅरेजमधून निघताना सगळं झकास होतं. पंधरा-वीस किलोमीटरवर गाडी जड वाटू लागली, मग सिग्नलला उतारावरही सरकेना. मास्टरमधलं तेल परत जायचं भोक पिस्टनने बंदच ठेवलं होतं. तेल तापलं, फुगलं, जायला वाट नाही, म्हणून ब्रेक आपोआप लागत गेला. रस्त्याकडेला गाडी घेतली तेव्हा पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता. मास्टरचे नट दोन आटे सैल केले आणि चाकं सुटली. ते अंतर मातीच्या छोट्या गोळीने मोजायचं, दोन भाग जोडून पुन्हा उघडून. दहा मिनिटांचं काम आहे.

मागची चाकं

आता ते आधीचं वाक्य. डिस्कला जास्त दाब लागतो. तुम्ही जास्त जोराने दाबता किंवा बूस्टर दाबतो. तोच वाढलेला दाब मागच्या ड्रमलाही जातो, आणि त्यांना तर स्वतःची मदत अजून मिळतेच आहे. जोराचा ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि पुढच्यांच्या आधी अडकतात. मागची चाकं अडकलेली गाडी सरळ राहत नाही, गिरकी घेते. पुढे डिस्क बसवून गाडी आधीपेक्षा धोकादायक होते ती इथे, आणि कोरड्या रस्त्यावरच्या हळू चाचणीत ते दिसत नाही.

उपाय दोन आहेत. मागच्या पाइपवर अ‍ॅडजस्ट होणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, जो मागे जाणारा दाब कमी करतो, किंवा मागे लहान बोअरचे सिलिंडर. मी व्हॉल्व्ह निवडला, कारण त्याने मूळ भाग तसेच राहतात. सुरुवात मागचा दाब सर्वांत कमी ठेवून करा.

हवा काढणं आणि चाचणी

तेल डॉट ४, सीलबंद डब्यातलं. कोरड्या तेलाचा उकळबिंदू किमान २३० अंश असतो, हवेतली ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत खाली येतो. कोकणात राहत असाल तर दर दोन वर्षांनी बदलाच. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही. तेल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

हवा मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून काढत या: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. दोन माणसं लागतात. पेडलवरच्या माणसाने ‘दाबलं’ म्हटल्यावर निपल उघडायचं आणि त्याने पाय उचलण्याआधी बंद करायचं. मग इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरा. पेडल हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळतं आहे. सगळे जोड कोऱ्या टिश्यूने पुसून बघा, डोळ्याला न दिसणारा थेंब कागद दाखवतो. पेडल दाबून ठेवूनच इंजिन सुरू करा. ते थोडं खाली गेलं म्हणजे बूस्टर काम करतोय.

रिकाम्या सरळ रस्त्यावर आधी २० च्या वेगाने. मग पॅड बसवण्यासाठी ५० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, मधे अर्धा मिनिट सोडून. पूर्ण थांबायचं नाही, तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहायचं नाही. गाडी निवू द्या. नंतर ओल्या, मोकळ्या, सपाट जागेवर ३० च्या वेगाने करकचून ब्रेक लावा आणि बाहेर उभ्या माणसाला विचारा कुठली चाकं आधी अडकली. पुढची चाकं आधी अडकतात तोवरच मागचा दाब पायरी-पायरीने वाढवायचा, मग व्हॉल्व्ह एक पायरी मागे घेऊन त्यावर रंगाची खूण करायची.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे आणि तिचा भर मूळ स्वरूपावर आहे. त्या वाटेने जायचं असेल तर मी तरी ड्रमला हात लावणार नाही.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकाचे आणि ब्रॅकेटचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, ५०० नंतर पुन्हा. दोन्ही डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजून लिहून ठेवा. दोन बाजूंत ठळक फरक असला तर गरम बाजूच्या कॅलिपरची सरकपिन अडकली आहे का ते बघा. घाटाची पहिली फेरी एकट्याने, रिकाम्या गाडीने, सकाळी लवकर करा. खोपोलीला पोचल्यावर थांबा, पुढच्या चाकांजवळ वास घ्या आणि पेडल पुन्हा एकदा दाबून बघा. ते वर खंडाळ्याला जिथे धरत होतं तिथेच धरलं पाहिजे.